दाजींचा एक पंख

विमानाचा एकच पंख करून जन्मभर समाधानी राहिलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या वाट्याला आला. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. वारंगा फाट्यावर त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. धान्याच्या कोठ्या, लग्नात द्यायच्या पेट्या, हळद शिजवायच्या कढया, सगळं तिथे व्हायचं. अर्ध्या तालुक्याची हळद दाजींच्या कढईत शिजली, असं म्हटलं तरी चाललं असतं. अशा सुखी माणसाला हैदराबादच्या जुन्या बाजारात घरच्या घरी विमान बांधायचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं, तेही शेवटची पानं नसलेलं. दाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण चित्रं भरपूर होती, आणि अडलं की हिंगोलीच्या शाळेत इंग्रजी शिकवणारा मी मेहुणा होतोच. सुरुवात पंखापासूनच कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "पंख जमला की झालं. बाकी विमान म्हंजे बसायचा डबाच हाय, आन् डबे तर मी रोज करतो." 

नवा पत्रा आला की ते आधी नखाने वाजवून बघत, मग त्याला कान लावत, आणि मग गिऱ्हाइकाकडे बघत. त्यांच्याबरोबर एसटीने जाणं म्हणजे सत्त्वपरीक्षा होती. गाडी लागली की सगळं जग दाराकडे धावायचं आणि दाजी मागे जाऊन गाडीच्या अंगावरून हात फिरवायचे. एसटीच्या पत्र्यावर ठिपक्यांसारख्या ज्या ओळी दिसतात त्या रिबिटांच्या, म्हणजे दोन पत्रे एकमेकांना जखडणाऱ्या बारक्या खिळींच्या, हे ज्ञान मला त्यांच्यामुळेच झालं. एकदा हिंगोलीच्या स्टँडवर कंडक्टरने दारातून विचारलं, "मामा, यायचं हाय का न्हाई?" दाजी शांतपणे म्हणाले, "येतो की. पर ही ओळ बघा जरा, कशी सुतात हाय. ज्यानं मारली त्याचे हात बघायला पाहिजेत." गाडी गेली. दुसरी मिळेपर्यंत दीड तास लागला, पण तो दाजींनी मोठ्या मजेत घालवला, कारण स्टँडवर आणखी चार गाड्या उभ्या होत्या.

हिंगोली जिल्हा झाला त्या वर्षी त्यांनी पंखाच्या फासळ्या करायला घेतल्या. पंखाच्या पोटात पत्र्याच्या फासळ्या असतात आणि त्यांना बाक द्यायला लाकडाचा साचा लागतो. पुस्तकात 'कठीण लाकूड घ्यावे' एवढंच लिहिलेलं होतं. भाषांतर माझं, त्यामुळे पापात माझाही वाटा आहे. दाजींनी घरभर नजर फिरवली आणि आमच्या वडिलांनी अक्काला लग्नात दिलेला सागवानी दिवाण कापला. कुरुंद्याला लेकीकडे गेलेली अक्का परत आली, तेव्हा दिवाणाच्या जागी साचे ओळीने मांडलेले होते आणि दाजी शाबासकीच्या अपेक्षेने शेजारी उभे होते. त्या दिवसापासून अक्काने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

महिनाभराने मी समेट घडवायला गेलो, तर भलतंच दृश्य दिसलं. रिबिट एकट्याने मारता येत नाही. एकाने बाहेरून हातोडा मारायचा आणि दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मधे पत्रा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. बांगड्या फुटू नयेत म्हणून अक्का कोपरापर्यंत फडकं गुंडाळून, पंखाच्या रुंद तोंडातून खांद्यापर्यंत हात आत घालून बसली होती. खुणा पुस्तकातल्या, मीच कधीतरी वाचून दाखवलेल्या. ठोकळ्याने आतून एकदा टक् केलं की रिबिट बराबर, दोनदा केलं की अजून मार, तीनदा केलं की बिघडलं, काढून टाक. मी अक्काला बाजूला घेऊन विचारलं, "बोलत नाहीस, मग हे कशाला करतेस?" ती म्हणाली, "माझा दिवाण गेला त्याच्यात. आता वाया जाऊ देऊ का?"

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की तीन टक् केवळ रिबिटासाठी नसायचे. दाजींनी बाजारातून जून वांगी आणली की तीन. पाहुण्यांसमोर मळका सदरा घातला की तीन. एकदा मी मुद्दाम आत हात घालून चाचपलं, तर रिबिट अगदी गोल, गुळगुळीत बसलेलं. मी म्हणालो, "दाजी, हे चांगलं आहे की."

"म्हाईत हाय मला."

"मग काढता कशाला?"

"तिनं तीन वाजवले न्हाई का," असं म्हणून त्यांनी ते निमूटपणे काढलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

अशी काही वर्षं गेली आणि बारा फुटांच्या त्या पंखाचं एकच रिबिट उरलं. रोज दुकान आवरलं की दाजी ते मारायचे, आतून तीन टक् यायचे, ते काढायचे. भोक सैल होत गेलं तसं रिबिट जाड होत गेलं. मी अक्काला रागावलो, तर ती पदराने ठोकळा पुसत म्हणाली, "झालं म्हंजे मंग काय? दोघांनी भिंतीकडं बघत बसायचं?" मग आपण होऊन बोल ना, म्हटलं, तर म्हणाली, "मीच आधी काहून बोलू?" दाजींना विचारलं, दुसरा पंख कधी? ते म्हणाले, "काय घाई हाय. हाच चालू हाय अजून."

पुढे दाजी आजारी पडले. तेव्हा मात्र अक्का बोलली, सगळ्या वर्षांचं साचलेलं बोलली. दाजींना किती कळत होतं देव जाणे. तिचं बोलणं थांबलं की ते खाटेच्या दांडीवर बोटाने एकदा टक् करायचे.

तेराव्यानंतर मी निघालो, तर अक्काने मला दुकानात नेलं आणि हातोडा हातात दिला. स्वतः पंखाजवळ बसून तिने हात आत घातला. फडकं गुंडाळायची आता गरज नव्हती. मी जन्मात खडूशिवाय काही धरलेलं नाही. रिबिट एका अंगाला वाकलं, पत्र्याला पोचा आला. दाजींनी हातोडा हिसकावूनच घेतला असता. मी तीन टक् ऐकायच्या तयारीने उभा राहिलो. आतून ठोकळा रिबिटावरून फिरल्याचा आवाज आला. मग हळूच, एकदाच, टक् झालं. अक्काने हात लगेच बाहेर काढला नाही, आणि मीही हातोडा खाली ठेवला नाही.