घरच्या मालाची पाळी

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे 'तराजू' म्हणत. हा बहुमान आहे असा त्यांचा समज होता.

पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान पुरवत. काम भाओजींनी स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं. पण लोकांच्या तोंडाला झाकण कोण घालणार? म्हणून तराजूंनी नियम केला. भाओजींचा टेम्पो फाटकाशी आला, की आधी बाकी सगळ्यांचा माल उतरवायचा, मग घरचा.

"अहो, गाढवावर माल घातला असता तरी एव्हाना आत आला असता," भाओजी एकदा म्हणाले.

"घरचेच आहात, थांबा की!" असं म्हणून तराजू निर्मळ मनाने जेवायला गेले.

पुढे कारखान्यात पुरवठ्यावर नजर ठेवणारी संगणकप्रणाली आली. गोदामात खोक्यावरचा कोड स्कॅन झाला, की तीच माल पोचल्याची वेळ. फाटकाबाहेर कोण किती ताटकळलं, हे तिच्या खिजगणतीत नव्हतं. वर्ष सरता सरता पडद्यावर भाओजींचं नाव लाल झालं.

"रिंग उत्तमच आहे. नव्या पंपाची गळती यांच्याच रिंगेने थांबली," बैठकीत साहेब म्हणाले. "पण माल वेळेवर कुठे येतो? आकडे काही कुणाचे पाहुणे नसतात. काय हो, स्टोअर?"

तराजूंनी मान डोलावली. इतक्या वर्षांची सवय. मान आपोआप निष्पक्ष बाजूला गेली. काम दुसऱ्याला मिळालं.

त्यानंतर तराजूंना घास गोड लागेना. शेवटी ते साहेबांच्या खोलीत गेले.

"उशीर त्यांचा नव्हता, माझा होता. मुद्दाम केलेला."

"मुद्दाम? वैर आहे का?"

"नाही. नातं आहे."

हे कुठल्या रकान्यात भरायचं ते साहेबांना कळेना. त्यांनी लाल रंग भाओजींच्या नावावरून काढून गोदामाच्या नावावर टाकला. मात्र दुसऱ्याशी वर्षाचा करार झाला होता. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी तराजूंनी बहिणीकडे जाऊन सगळं सांगितलं. भाओजी ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं फाटकावरचा पहारेकरी खार खाऊन आहे, तुम्ही नुसती समजूत घालताय," ते म्हणाले. "दर खेपेला चहा पाजत होतो त्याला. आणि उशिराची पत्रं यायला लागली, तसं हिलाही कामाला बसवलं. रिंगांच्या कडा कापायला."

ताईच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. तराजूंची नजर गेली तशी तिने हात मागे घेतला.

"बरं झालं, सांगितलंस," ती म्हणाली. "जेवून जा."

तराजू जेवले. ताईने दुसऱ्यांदा वाढलं, तेव्हा त्यांना नको म्हणता आलं नाही.