चौकोनी भोकाचं मोठं नाणं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, देवासमोरही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

मी अकोल्याचा तांबट. धाकट्या बहिणीची, सखूची, सोयरीक अमरावतीच्या गणपतशी ठरली होती. तोही तांबटाचाच मुलगा. पण तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. गणपतनं भट्टी सोडून कापसाची दलाली धरली आणि दोन हंगामांत त्याचा नूर पालटला. भरल्या बैठकीत म्हणाला, "भट्टीवाल्याची पोरगी आता आमच्या घरात शोभत नाही." माझे वडील मान खाली घालून उठले. ती मान मला विसरता आली नसती का? आली असती. मला विसरायची नव्हती.

पुढे एक दिवस गणपत आपण होऊन माझ्या दारात आला. बोलणाऱ्याला आपलं बोलणं कुठं आठवतं? त्याचा बाप पलटणीबरोबर चीनला भांड्यांना कल्हई करायला गेला होता आणि तिकडेच वारला. सोबत्यानं त्याची एक दोरी आणून दिली होती — चौकोनी भोकाच्या चिनी नाण्यांची. त्यात एक मोठं होतं. फार जुनं आहे, पोराजवळ द्या, असा बापाचा निरोप. तेव्हापासून गणपत मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून असली नाणी जमवायचा, एकमेकांशी ताडून बघायचा. मुंबईत कोणी त्या मोठ्या नाण्यावर शंका घेतली, म्हणून तो आला होता.

"तू धातू वळखतोस. खरं काय ते सांग."

खऱ्या नाण्याचा छाप मातीत घेऊन नक्कल ओततात. ती जराशी लहान भरते, अक्षरं सुजल्यासारखी दिसतात. इथं अक्षरं धारदार होती. भोकाच्या कडा दोरीनं झिजलेल्या. हिरवा गंज धातूत मुरलेला — चिंचेनं घासूनही निघेना. नाणं अस्सल होतं. मला तिळभर शंका नव्हती.

आणि मी म्हणालो — "हे तुह्या बापानंच ओतलं हाये. हा हात आपल्या तांबटाचा."

त्यानं नाणं उलटंसुलटं करून पाहिलं. "मराच्या वक्ती मले खोटं सांगून गेला?"

तिथं तरी थांबायचं होतं ना मी? म्हणालो, "तसंच दिसते."

त्यानं सगळी दोरीच माझ्यापुढे टाकली. वितळव म्हणाला. भाता मीच ओढला. धातूचं पाणी होईपर्यंत तो बघत राहिला, मग निघून गेला.

त्या वर्षापासून त्यानं बापाला पिंड देणं बंद केलं. एका नातेवाइकानं सांगितलं — मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. इतकं गोड लागलं.

बहिणीसाठी केलं म्हणू? सखू तोवर बाळापुरात सुखानं नांदत होती, कडेवर लेकरू होतं. गणपतचं नाव निघालं तर हसायची. सूड माझा एकट्याचा होता. अजूनही कधी कधी आठवला की बरं वाटतं — हेही सांगून टाकतो.

गणपत अमरावतीतच आहे. त्याचा बाप खरं बोलला होता, हे जाणणारा मी एकटा. ते सांगायला मी गेलो नाही. जाणारही नाही.