प्रदूषणवाल्या शिंत्रे मॅडम

आमच्या प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात फायली साचतात, पण किस्से त्याहून जास्त! फायलींना निदान कपाट आहे. किस्से मात्र माझ्यासारख्या ड्रायव्हरच्या पोटात. आणि दहातले आठ आमच्या फील्ड ऑफिसर शिंत्रे मॅडमचे.

गणपतीत मॅडम मिरवणुकीत आवाज मोजत उभ्या होत्या. एका मंडळाची पोरं धावत आली. वाटलं, झालं भांडण! तर पोरं म्हणाली, "मॅडम, आमचा आकडा मागल्या मंडळापेक्षा जास्त हाय न्हवं?"

"व्हय की! केसमधीबी तुमचंच नाव पयलं!"

आजऱ्याच्या एका काजू कारखान्याच्या धुराची तक्रार होती. थंडी मरणाची. आम्ही पोचलो तर धूर गायब. मालक म्हणाले, "चार दिस भट्टी पेटवलीच न्हाय." भट्टीच्या भिंतीला पाठ लावून एक मांजर गाढ झोपलं होतं.

"मग ह्याला इचारू काय, हितंच का झोपलंय?" मालकांनी भट्टीची नोंदवही काढून दिली.

आमची जीप गडहिंग्लजकडं निघाली, की ती पोचायच्या आत तिकडच्या कारखान्यांत फोन पोचतो. म्हणून एकदा मॅडम मला जीपसकट ऑफिसात बसवून एसटीनं गेल्या. येताना मांडीवर बर्फाचा डबा, त्यात तपासणीसाठी घेतलेल्या नदीच्या पाण्याच्या बाटल्या. कंडक्टरनं विचारलं, "मासं हाईत व्हय?"

"नदीत मासं असतं तर पाणी कशाला न्यायला लागलं असतं!"

यंदाच्या ऊस हंगामात मात्र किस्से थांबले. एक साखर कारखाना मळीचं पाणी ओढ्यात सोडत होता. मॅडमच्या रिपोर्टवरून त्याला बंदची नोटीस गेली. मॅडमच्या वडिलांचा ऊस त्याच कारखान्याला जायचा. तो रानात तसाच उभा राहिला, तुरे फुटून वजन घटायला लागलं. गावाचाही ऊस अडकला, म्हणून गावानं वडिलांशी बोलणं टाकलं. मॅडम जेवणाचा डबा न उघडताच परत न्यायच्या. आम्हाला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी वडील ऑफिसात हजर! मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. मी दारातच थांबलो. म्हटलं, आता तोफ सुटणार! म्हाताऱ्यानं पिशवीतून एक कॅन काढला आणि टेबलावर ठेवला.

"आमच्या ओढ्याकडच्या हिरीचं पाणी हाय. वास मारतंय. तपासून बघ."

मॅडमनी कॅन हळूच त्यांच्याकडं परत सरकवला. "अप्पा, असं आणल्यालं चालत न्हाय. अर्ज द्याय लागतो. मग मी येऊन नमुना घेतो."

"मग कागद दे की!"

अप्पांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि सावकाश लिहायला घेतलं, "मा. शिंत्रे मॅडम यांस..."