तुंगाचं कच्चं तेल

मानमोई हे नाव काही कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा ‘आता पुरे’ म्हणून आम्ही हक्का लोक जे नाव ठेवतो, ते तिच्या वाट्याला आलं. या नावाच्या बायका मियाओलीच्या डोंगरात गल्लोगल्ली सापडतात आणि सगळ्या एकजात हट्टी निघतात. शेतकी केंद्रात तेलं तपासणारी फांग मानमोई त्या सगळ्यांच्या वरताण होती. एखादी गोष्ट तिच्या मनाने घेतली की ती तडीला गेल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही, आणि तोवर इतरांनाही ती सुखाने जेवू द्यायची नाही.

त्या हिवाळ्यात तुंगाच्या झाडाच्या बियांतून निघणाऱ्या तेलावरून गवगवा झाला. कागदी छत्र्यांना हेच तेल लावतात. कोणीतरी त्यात स्वस्तातलं सोयाबीनचं तेल मिसळतंय, म्हणून छत्र्या वाळत नाहीत, चिकट राहतात, अशी ओरड सुरू झाली. छत्रीवाल्यांच्या संघाने ठरवून टाकलं की प्रत्येक घाणेवाल्याने केंद्राकडे एक बाटली पाठवायची, आणि भेसळ निघाली तर त्याचं तेल कायमचं बंद. पहिली बाटली आली ती ख्यू काकांची.

ख्यू काका म्हणजे तिसऱ्या पिढीचा घाणा. माणूस तिरसट, पण तेलाच्या बाबतीत त्यांच्याकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती. भेसळखोर ठरले असते तर त्यांनी घाणा बंद केला असता आणि पुन्हा घराबाहेर पडले नसते. मानमोईला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तिचं माहेर त्यांच्याच गावातलं.

तेलाची परीक्षा यंत्रावर होते, पण तेल तसंच्या तसं यंत्रात घालता येत नाही. आधी त्यातली मेदाम्लं सोडवून मिथेनॉलशी जोडावी लागतात. त्यासाठी केंद्रात तेल आम्लात कडकडीत तापवायचे. तुंगाच्या तेलात एक मेदाम्ल असं असतं की जे दुसऱ्या फारशा तेलांत नसतं. त्याच्यामुळेच हे तेल वाळतं. कागदावर उमटलेल्या आलेखात या आम्लाचा सुळका सगळ्यांत उंच दिसायला हवा. ख्यू काकांच्या तेलात तो अर्धाही नव्हता.

“भेसळ आहे,” केंद्राचे प्रमुख डॉक्टर फाम म्हणाले. “लिहून टाका.”

“दोष पद्धतीचाही असेल, सर. हे आम्ल नाजूक असतं. आपण त्याला उकळत्या आम्लात बुडवतो आणि वर विचारतो, कुठे गेलास?”

“सगळं जग हीच पद्धत वापरतं, बाई.”

“सगळं जग सोयाबीन तपासतं.”

फाम हसले. माणूस सरळ होता. खुर्ची गेली तरी चालेल, पण चुकीचा निकाल जाऊ नये, असं मानणारा. “थंड क्षाराने करून बघा मग.”

“तेलात सुटी झालेली आम्लं असली तर ती क्षाराच्या हातून निसटतात. मला एन्झाइम वापरू द्या. लायपेज. कोमट पाण्याच्या उबेत काम होतं. भाजणं नाही, जाळणं नाही.”

“ती पूड केवढ्याला येते माहीत आहे ना? चिमूटभर सांडली तर मी इथेच रडत बसेन.”

“मी सांडत नाही.”

परवानगी मिळाली. मानमोईने तेलात पूड घातली, मिथेनॉल ओतलं, आणि कुपी कोमट पाण्यात ठेवून दिवसभर हलत ठेवली. संध्याकाळी बघते तर काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तेल होतं तसंच.

फाम मागे येऊन उभे राहिले. “मिथेनॉल सगळं एकदम ओतलंत?”

“हो.”

“मारलंत बिचाऱ्याला. एन्झाइमला ते विष असतं. थोडं थोडं द्यायचं. आधीचं संपलं की पुढचं.”

मानमोई कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. पण रडगाणं गात बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने केंद्रामागच्या तुंगाच्या झाडाखालची फळं वेचली, फोडली, बियांचं तेल स्वतःच्या हाताने काढलं. त्यात भेसळ असायचा प्रश्नच नव्हता. मिथेनॉल थोडं थोडं देत, मध्ये थांबत तिने ते तयार केलं आणि यंत्रात घातलं. सुळका कागदाच्या टोकाला जाऊन भिडला. पद्धत बरोबर होती.

मग तिने तेच सगळं ख्यू काकांच्या तेलाचं केलं. सुळका उठला आणि पुन्हा अर्ध्यावरच बसला.

तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. इतके दिवस ज्याच्यासाठी भांडले तो माणूसच लबाड निघाला, या विचाराने तिचं डोकं भणाणून गेलं. निकाल पाठवायच्या आधी त्यांच्या तोंडावर विचारायचं, असं ठरवून तिने सकाळची बस धरली.

ख्यू काका घाण्यापाशीच होते. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला, दाण्याच्या कुटात घोळलेले चिकट भाताचे गोळे पुढे केले. तिने हात लावला नाही.

“काका, तेलात काय मिसळलंत?”

म्हाताऱ्याने हातातला पेला खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

“तुमच्या बाटलीत तुंगाचा अंश अर्धासुद्धा नाही. मी दोन तऱ्हांनी बघितलं.”

“तुझ्या जन्माआधीपासून मी हे तेल काढतोय, पोरी. आणि तू माझ्या ओसरीवर बसून मला चोर म्हणतेस?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तेच ऐकवत नव्हतं. “जे तेल पाठवलं ते मी स्वतः उभं राहून शिजवलंय. बोटावर घेऊन तार बघून उतरवलंय. माझ्या नातीच्या लग्नातल्या छत्र्यांना तेच लावलं.”

“शिजवलंय?” मानमोई म्हणाली.

“मग काय कच्चं पाठवू?”

“छत्रीवाल्यांना कसलं देता?”

“कच्चंच. ते आपापलं शिजवतात, त्यांचा धंदा आहे तो. पण सरकारी कचेरीत, शिकल्यासवरल्या माणसांपुढे कच्चं तेल ठेवायचं? अर्धवट काम करून पाहुण्याला द्यायचं? लोक शेण घालतील माझ्या तोंडात.”

मानमोईने कपाळावर हात मारून घेतला. तुंगाचं तेल शिजवलं की तीच नाजूक आम्लं एकमेकांना घट्ट धरून बसतात. मग ना आम्लाने सुटत, ना एन्झाइमने. बाटलीतलं तेल दाट होतं खरं, पण तिला वाटलं होतं थंडीने आळलं असेल. म्हाताऱ्याने आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं पाठवलं होतं, आणि तेवढ्यापायी तो बुडणार होता.

“माझं चुकलं, काका. तुम्हाला असं विचारायला नको होतं. आता मला कच्चं द्या.”

“नाही.”

“काका.”

“एकदा सांगितलं. माझ्या नावाने कच्चं तेल कचेरीत जाणार नाही.”

“मग मी इथून हलत नाही.” तिने चिकट गोळ्यांची ताटली पुढे ओढली आणि खायला लागली. दुपारचं जेवणही तिथेच झालं. जेवताना काकू नवऱ्याला म्हणाल्या, “द्या बाई तिला काय हवं ते, नाहीतर रात्रीचाही भात चढवावा लागेल.” काकांनी बायकोकडे रागाने बघितलं, मग उठून घाण्याच्या तोंडाशी बाटली धरली. देताना तोंड मात्र दुसरीकडे फिरवलं.

ते तेल तिने जिवापाड जपून तयार केलं. मिथेनॉल थोडं थोडं दिलं. कुपी कोमट पाण्यातून क्षणभरही बाहेर काढली नाही. कागद सरकायला लागला तेव्हा फामही बाजूला येऊन थांबले. सुळका चढत गेला, चढतच गेला, आणि झाडाखालच्या बियांच्या सुळक्याच्या बरोबरीला जाऊन थांबला. मानमोईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंसुद्धा नाही.

फामनी कपाटाकडे बघितलं. तिथे बाकीच्या घाण्यांच्या बाटल्या तपासायच्या राहिल्या होत्या. त्यांनी एक उचलून तिरकी केली, मग दुसरी. तेल काचेवरून मधासारखं सावकाश उतरत होतं.

“बाई,” ते म्हणाले, “या सगळ्यांनी शिजवून पाठवलंय.”

तिने फोन फिरवला. तुमचं तेल चोख निघालं, हे ख्यू काकांनी ऐकून घेतलं आणि नुसतं “बरं” म्हणाले. बाकीच्यांचं काय झालं तेही तिने सांगितलं. ते लोक आपल्याला कच्चं देणार नाहीत, दाराबाहेर काढतील, म्हणाली. “उद्या आधी कोणाच्या घाण्यावर जाणार?” एवढं विचारून काकांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या घाण्यावर पोचली, तर ख्यू काका ठेवणीतला कोट घालून फाटकापाशी उभे होते. घाणेवाला तावातावाने सांगत होता की कचेरीत कच्चं तेल देणं आमच्या घराण्यात बसत नाही. काकांनी त्याला पुरतं बोलू दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “दे तिला. मी दिलंय कच्चं.”