सातव्या पॅडची चूक

मी बार्शीहून एसटीने मांडीवर अप्पांचा ऑक्टोपॅड घेऊन सोलापूरला आले. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, उभं आयुष्य ऑर्केस्ट्रात तोच वाजवत आले. ते दिवाळीत गेले. त्यांनी त्यात साठवलेले आवाज जपणारी बॅटरीही आता संपत आली होती.

दुरुस्तीवाल्यांचं नाव मी विचारलंच नाही. सगळे चाचा म्हणत होते, मीही म्हटलं. त्यांनी आधी मला आठही पॅड वाजवायला लावले. सातव्यावर ढोलकीऐवजी सायकलची घंटी वाजली.

"अप्पांकडून चुकून सेव्ह झालंय," मी ओशाळून म्हणाले.

चाचांनी पंखा बंद केला. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला थोडं थांबायला सांगितलं. बॅटरी चालू मशीनवरच बदलायची होती. लाइट क्षणभर जरी गेली, तरी सगळे आवाज पुसले जाणार होते. सोल्डरिंग गन तापली की तिचा करंट मशीनमध्ये उतरू नये म्हणून ते तिचा प्लग काढायचे आणि ती गार व्हायच्या आत टाका मारायचे. तेवढा वेळ ते श्वास रोखून धरायचे. मीही. मध्येच बल्ब मिणमिणला, तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली.

झाकण लावून त्यांनी स्टिक माझ्या हातात दिली.

"सातवा वाजवा, ताई."

"तोच का?"

"आतलं पुसलं आसंल तर कंपनीनं भरलेला आवाज येतोय. त्यो बरोबर आसतोय की."

अप्पांची चूक तशीच राहू दे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हणाले आणि स्टिक मारली.

ट्रिंग ट्रिंग!

चाचांनी उठून पंखा लावला.