बायकोची गोळी

शिसं वितळवून पोकळ टोकाच्या गोळ्या ओतायला बायकोला मीच शिकवलं. त्या रविवारी नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या शूटिंग क्लबात आम्ही दोघांनी आपापल्या गोळ्या मांसाइतक्या घट्ट जेलच्या ठोकळ्यात झाडून पाहिल्या. माझी गोळी जशीच्या तशी आरपार गेली. तिची मात्र, पोकळ टोकाच्या गोळीने करायला हवं तसंच, आत शिरून अळंबीसारखी फुलली आणि तिथेच थांबली.

"लव्हली!" क्लबचे म्हातारे सेक्रेटरी तिला म्हणाले. मला इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

"माझ्या वेळी जेल गरम होऊन मऊ पडलं होतं," मी बायकोला म्हणालो.

"मग तू परत झाडून बघ ना."

मी झाडली. तीही आरपार गेली. परतताना बायको आपली फुललेली गोळी तळहातावर घेऊन बसली होती. मी रस्त्याकडेच बघत गाडी चालवली.