बिस्किटवाले कमळाकर गुप्ते

चोपन्न साली मुंबईच्या एका बिस्किट कंपनीने कमळाकर गुप्त्यांना पनवेलचे विक्रेते नेमले, पण कच्चे. उन्हाळ्यात माल खपला तर नोकरी कायम, नाहीतर रामराम. कापडदुकानातली आधीची नोकरी गिऱ्हाइकांना अक्कल शिकवण्यापायी गेली होती. "हीही गेली तर ताटात बिस्किटंच वाढीन," असे बायकोने, सत्यवतीबाईंनी, बजावले होते.

कंपनीने जाहिरातीचे चित्र धाडले होते : हातमोजे घातलेले गुबगुबीत गोरे बाळ, खाली 'अंगी शक्ती आणा'. साऱ्या देशाला हीच जाहिरात. माणूस इथूनतिथून सारखाच, असे कंपनीच्या साहेबांचे मत. गुप्त्यांना ते फार पटले, कारण त्यात डोके चालवावे लागत नव्हते.

पहिल्याच दिवशी ते भरदुपारी फुकट पुडे घेऊन मोहल्ल्यात शिरले. रमजान चालू होता. दुकानदार हाफिजभाईंनी हात जोडले.

"गुप्तेभाऊ, सवाब-पुण्य कमवायला आलात की आमचं बुडवायला? विकायला ठेवून घेतो, पण वाटायचं ते मगरिबनंतर, रोजा सुटल्यावर वाटा!"

संध्याकाळी गुप्ते झोपाळ्यावर बसत. म्हणून मोहल्ला राहून गेला. ब्राह्मण आळीत गंगाबाईंनी पुडा लांबूनच पाहिला.

"अंडं नाही ना यात?"

"छे, अजिबात नाही."

"मग फुगलंय कशानं?"

हे कंपनीने कळवले नव्हते. पुडा गाईपुढे गेला.

उरले पनवेलजवळचे सुकापूर गाव. तेव्हा खेड्यात पाव-बिस्किट म्हणजे आजाऱ्याचे खाणे. तापातून उठलेल्याला ते चहात बुडवून देत. धडधाकटाला दिले तर तो भांडायला उठे. गुप्ते घरोघर पुडे वाटू लागले तेव्हा भामा पोराला कडेवर घेऊन दारात आली.

"आमच्यात कोन आजारी हाय?"

"कोणी नाही गं. पुढे अशक्तपणा येऊ नये म्हणून आधीच खायचं."

"पुढं म्हंजे कदी?"

"केव्हाही येईल!" गुप्ते रंगात आले. "मुंबईत घरोघर सुरू झालंय."

झाले! दिवेलागणीपर्यंत साऱ्या गावाला कळले की मुंबईत साथ आली आहे, आता इकडे येणार, म्हणून सरकारने बिस्किटे धाडली आहेत. गावदेवीला नारळ फुटले, दारांना कडुलिंब लागला. बाजारच्या दिवशी हाफिजभाईंकडचा सगळा माल उडाला.

"गुप्तेभाऊ, बाया रडत रडत बिस्किटं नेतायत. असं गिऱ्हाईक नाही पाहिलं मी."

"शक्तीचं महत्त्व पटलंय त्यांना," गुप्ते म्हणाले आणि त्यांनी मुंबईला तार ठोकली.

हा चमत्कार बघायला साहेब स्वतः मोटारीने आले. नोकरी कायम केल्याचे पत्र खिशात होते, फक्त सही राहिली होती. साहेबांना मराठीचा गंध नव्हता. सुकापुरात मोटार थांबताच भामा धावत आली.

"दादा, खरं सांगा, साथ कवा येनार? नायतर पोराला घेऊन चिरनेरला जाते, माहेरी."

आता कुठे गुप्त्यांच्या डोक्यात उजेड पडला. साथबीथ काही नाही, घरी जा, एवढेच बोलायचे होते. तेवढ्यात साहेबांनी इंग्रजीत विचारले, "काय म्हणतेय ही?"

गुप्त्यांनी साहेबांच्या खिशाकडे पाहिले.

"म्हणते, पोराला दुसरं काही चालतच नाही, सर."

मग भामाकडे वळून ते हळूच म्हणाले, "जा तू माहेरी. पुडे मात्र बरोबर ने."

भामाकडून हे गावाला कळायचाच अवकाश होता. घटकाभरात बैलगाड्या जुंपल्या गेल्या. म्हाताऱ्या, पोरे, कोंबड्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन अर्धे सुकापूर धूळ उडवीत निघाले.

"इतके लोक कुठे चाललेत, गुप्ते?"

"नातेवाइकांना आपली बिस्किटं चाखवायला, सर."

साहेब इतके खूश झाले की त्यांनी मोटारीच्या टपावर पत्र ठेवून तिथल्या तिथे सही केली.